सागा-मोहाच्या सावलीत फळझाडं लावताना: नागपूरकडच्या नवख्यांसाठी

पारशिवनीकडे सासऱ्यांच्या वेळची आमची दीड एकर जागा आहे. धुऱ्याने साग, मधोमध तीन जुने मोह, विहिरीपाशी एक गावरान आंबा आणि दोन कडुनिंब. पीक म्हणून तिथे कधी फारसं काही निघालं नाही, सगळीकडे झाडोराच. सहा वर्षांपूर्वी मी तिथे संत्र्याची चाळीस कलमं लावली. नागपूरचं ऊन लहानपणापासून सोसलेलं, म्हणून सावलीत रोप जगणारच असं धरून चालले होते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चाळीसातली सात उरली.

ती कशी गेली ते आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत. जुलैत लावणी झाली. आभाळ भरलेलं आणि वर सागाची सुपाएवढी पानं, त्यामुळे रोपांना उजेडच मिळेना. ती लांबुळकी, फिक्कट होत उजेडाकडे कलत गेली. सप्टेंबरात काहींच्या बुंध्याशी साल काळी पडून डिंक सुटला. त्यातून वाचली ती एप्रिलमध्ये करपली, कारण तोवर सागावर एक पान नव्हतं. शेजारच्या वावरातले काका तेव्हा म्हणाले, "सागाची सावली पाहाची असन तं मे महिन्यात या लागते, ताई." मी जागा पाहिली होती ऑक्टोबरात.

आपल्या भागातली रानझाडं पानगळीची आहेत. उजेड हवा तेव्हा ती दाट असतात आणि सावली हवी तेव्हा उघडी. कोकणातल्या किंवा केरळातल्या बागांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळेच. तुमच्याकडे अशी झाडांची जागा असेल, विकत घ्यायचा विचार असेल किंवा घरामागेच दोन मोठी झाडं असतील, तर पुढच्या क्रमाने जा. घाई करू नका. पहिलं वर्ष निव्वळ पाहण्यात गेलं तरी ते वाया जात नाही.

१. कुदळ मारण्याआधी सातबारा वाचा

झाडोऱ्याची जागा म्हटली की विदर्भात पहिला प्रश्न झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली नोंदींमध्ये 'झुडपी जंगल' असा शेरा असलेल्या जमिनी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानायच्या, असा निकाल दिला. जागा कोरडी, माळरानासारखी दिसते म्हणून फसू नका, शेरा काय आहे ते पाहा. तसा शेरा असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट मोठ्या झाडांची. जमीन तुमची असली तरी साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, बिजा ही झाडं मनाला येईल तेव्हा तोडता येत नाहीत. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ती आहेत, त्यामुळे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. शहराच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रासाठीचा वृक्ष कायदा लागतो, तिथे महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जायचं. मोठी फांदी काढायची असली तरी आधी विचारून घ्या. "आपलंच झाड आहे, कोण विचारतं" असं म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांनी सागाची दोन झाडं उतरवली, मग वर्षभर कार्यालयांचे उंबरठे झिजवले.

जवळ ठेवायचे कागद:

- सातबारा आणि आठ-अ, दोन्ही ताजे
- गाव नकाशा आणि मोजणीची 'क' प्रत. धुऱ्यावरचा साग तुमचा की शेजाऱ्याचा, हे यावरूनच ठरतं
- सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते तपासा. नसेल तर तलाठ्याकडे करून घ्या
- माती परीक्षणाचा अहवाल
- अनुदान घ्यायचं असेल तर आधार, बँक पासबुक आणि महाडीबीटीवरची (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावरची) नोंदणी

अनुदानाबद्दल एवढंच सांगते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत पैसे तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पहिल्या वर्षी ८० टक्के, दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असावी लागतात. लागवडीचं अंतरही ठरलेलं असतं. झाडांमधल्या मोकळ्या तुकड्यांत मिळेल तशी लागवड त्यात बसेलच असं नाही. म्हणून खड्डे खणण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जागेचा नकाशा दाखवून विचारा. मी अनुदान घेतलं नाही. सावलीच्या जागेत पहिल्या खेपेला एवढी झाडं जगवण्याची माझी तयारीच नव्हती.

२. तुमच्या झाडांची पानं कधी गळतात ते लिहून काढा

वही घ्या आणि जागेतल्या प्रत्येक मोठ्या झाडासमोर दोन गोष्टी लिहा: पानं कधी टाकतो आणि कधी पुन्हा भरतो. आमच्याकडचं चित्र साधारण असं आहे.

साग आणि ऐन मार्च ते मे जवळजवळ उघडे असतात. सागाला पालवी येते ती मान्सूनच्या तोंडावर, आणि मग ऑक्टोबरपर्यंत खाली अंधार. फळझाडांसाठी हे सगळ्यांत अवघड छत.

मोह फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, फुलं ओघळून गेली की तांबूस पालवी फुटते, आणि मे महिन्यात खाली बऱ्यापैकी सावली असते. मोहाखाली मी आता निर्धास्तपणे लावते. फक्त फुलांच्या दिवसांत सकाळी वेचायला माणसं येतात, जनावरं येतात, त्यांच्या पायवाटेत रोप लावायचं नाही.

कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे दिवस उघडा पडतो आणि चैत्रात पुन्हा भरतो. करंजही तसाच, जरा मागून. उन्हाळ्यात सावली देणारी ही दोन्ही झाडं फळबागेला सोयीची. बाभळीची पानं बारीक, त्यामुळे ऊन गाळून येतं आणि तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्रही देतात. काट्यांचा त्रास सोसायची तयारी असेल तर बाभूळ राहू द्या.

आंबा, चिंच आणि जांभूळ बारा महिने हिरवे. त्यांच्या थेट छत्राखाली फळझाड लावण्यात अर्थ नाही, चिंचेखाली तर गवतही धड येत नाही. तिथे हळद, अळू, सुरण लावा. वायगावची हळद वर्धा जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचे गड्डे आणून मी आंब्याच्या सावलीच्या कडेला लावले आणि अजून तिथूनच घरची हळद निघते.

३. ऊन मोजा, वर्षातून तीनदा

हे काम फुकट आहे, तरी लोक हेच टाळतात. लागणारं सामान म्हणजे वीसेक खुंट्या, चुन्याची पिशवी, टेप आणि घड्याळ.

एक निरभ्र दिवस निवडा. जिथे झाड लावायचा विचार आहे तिथे खुंट्या ठोका. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर दोन तासांनी फिरा आणि प्रत्येक खुंटीवर ऊन आहे, सावली आहे की चट्टेपट्टे, ते वहीत टिपा. सावलीची कड चुन्याने आखली तर संध्याकाळी सगळा नकाशा जमिनीवरच दिसतो. हे डिसेंबरात एकदा, एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पाऊस उघडल्यावर सप्टेंबर अखेरीस एकदा करायचं.

तीनदा का, तर सूर्याची वाट बदलते. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे झाडाची जेवढी उंची, जवळपास तेवढीच लांब सावली उत्तरेकडे पडते. तीस फुटी सागाच्या उत्तरेला तीस फुटांपर्यंत हिवाळ्यात दुपारीसुद्धा ऊन नाही. उलट मे अखेरीस, नवतपा लागतो त्या सुमारास, सूर्य थेट माथ्यावर येतो आणि काही क्षण आपली सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत बाजूच्या झाडाची दुपारची सावली रोपाला मिळत नाही, डोक्यावरच काही असेल तर मिळते. पहिल्या वर्षी मी रोपांच्या पश्चिमेला तट्टे उभे केले आणि वर काही घातलं नाही. दुपारी बाराच्या उन्हात तट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही.

घरामागे लावणाऱ्यांनीही हाच हिशेब लावावा. तिमजली इमारत दहा मीटर धरली तर हिवाळ्यात तिच्या उत्तरेला दहा मीटरचा पट्टा अंधारात असतो, आणि इमारत पानं टाकत नाही. अशा पट्ट्यात लिंबू लावून त्याला लिंबं का लागत नाहीत असं विचारणारे मला दर वर्षी भेटतात.

मोजमाप झालं की जागेचे तीन भाग पाडा: पाच-सहा तास थेट ऊन मिळणारा, तीन ते पाच तास मिळणारा आणि त्याहून कमी मिळणारा. भाग पाडताना सप्टेंबरची नोंद धरा, कारण फळं पोसायचा काळ तो. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा सापडली तर तिला खूण करून ठेवा. आपल्याकडे सावलीतल्या बागेसाठी याहून चांगली जागा नाही. मोठ्या झाडांच्या पूर्वेकडची कड बहुधा अशी असते.

४. माती आणि मोठ्या झाडांची मुळं

प्रत्येक भागात दोन फूट खोल खड्डा खणा आणि पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी तसंच दिसलं तर तिथे लिंबूवर्गीय झाड सपाटीवर लावायचं नाही, फूटभर उंच गादी करून वर लावायचं. भारी काळ्या मातीत हे हमखास लागतं. सावलीत जमीन उशिरा वाळते, त्यामुळे उघड्या वावरात जी माती चालून जाते तीच झाडाखाली मुळं कुजवते.

माती तपासणीत चुनखडीचं प्रमाण जरूर पाहा. ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर संत्र्याचा नाद सोडा. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं अशी झाडं दर वर्षी फवारण्या मागत राहतात. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा कृषी महाविद्यालयात अहवाल दाखवून सल्ला घेता येतो. तुमच्या जागेतली सावलीही त्यांना सांगा, नाहीतर सल्ला उघड्या बागेचा मिळेल.

मुळांची स्पर्धा सावलीइतकीच भारी पडते. मोठ्या झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं छत्राच्या कडेपाशी आणि तिच्याही पलीकडे पसरलेली असतात. म्हणून नवं झाड छत्राच्या कडेपासून निदान दोन मीटर बाहेर घ्या. जागाच नसेल तर रोप आणि जुनं झाड यांच्यामध्ये दीड फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल चर खणून तिथली मुळं तोडा आणि चर पालापाचोळ्याने भरा. दर वर्षी जानेवारीत तोच चर पुन्हा उकरावा लागतो. चर एकाच बाजूने खणा, चारही बाजूंनी मुळं तोडलीत तर जुनं झाड वादळात पडेल. निलगिरी किंवा सुबाभळीजवळ मात्र चर खणूनही फायदा झाला नाही, तिथे मी लागवडच सोडून दिली.

५. कोणतं फळ कुठे

सीताफळ. एकच झाड लावायचं असेल तर हे लावा. आपल्या रानांत, टेकड्यांवर, पडक्या किल्ल्यांच्या भिंतींत ते आपोआप वाढलेलं दिसतं. उन्हाळ्यात स्वतःच पानं टाकून बसतं, त्यामुळे साग उघडा असण्याचा त्याला त्रास नाही. पावसाच्या सुमारास फुलतं आणि दिवाळीच्या आसपास फळ देतं. तीन-चार तास ऊन मिळालं तरी जगतं आणि फळतं, उघड्यावरच्या झाडापेक्षा कमी, पण फळतं. त्याचं परागीभवन बारीक भुंगेरे करतात. हे भुंगेरे ओलसर, कुजक्या पाल्यापाचोळ्यात वाढतात, म्हणून सीताफळाखाली झाडून चकाचक करू नका. बाळानगर जातीचं रोप घ्या किंवा गावातल्या चांगल्या झाडाच्या बियांपासून करा, दोन्ही चालतात. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, हा आणखी एक फायदा.

कागदी लिंबू. चार-पाच तास ऊन, त्यातलं बरंचसं सकाळचं, एवढं मिळालं तर घरापुरती लिंबं भरपूर. दाट सावलीत पानं सतत ओली राहतात आणि खैऱ्या रोग पसरतो, म्हणून वारा खेळेल अशीच जागा द्या.

संत्रा. नागपूरकराला हे सांगताना जिवावर येतं, पण संत्रा दाट सावलीचं झाड नाही. बहार धरायला झाडाला ताण बसावा लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तुटावं लागतं, आणि पानांवर ऊनही हवं. पाचोळ्याच्या जाड थराखाली ओल टिकून राहते, ताण बसत नाही, आणि झाड नुसतं पानांनी भरतं. माझी सात झाडं वाचली ती सगळी मोहाच्या पूर्वेकडच्या कडेची होती. त्यांना दुपारी तीननंतर सावली मिळते, आणि उघड्या बागेत फळांच्या पश्चिम अंगाला उन्हाचे पिवळे-तपकिरी चट्टे पडतात तसे या झाडांवर दिसत नाहीत. पाच-सहा तास उन्हाचा भाग असेल तरच संत्रा लावा, आणि मोजका लावा.

करवंद. कुंपणाला. अर्ध्या सावलीत चालतं, काटे जनावरांना अडवतात, आणि मे महिन्यात मुलांना काळी करवंदं मिळतात.

फालसा आणि तुती. दोन्ही विरळ सावलीत येतात, दोन्ही दर वर्षी छाटायच्या. छाटणी चुकली की झुडूप माजतं आणि फळ कमी होतं. फालसा बाजारात क्वचित मिळतो, म्हणून घरी असावाच.

केळी. पाणी असेल तर मोहाच्या कडेला चार खुंट लावा. वाऱ्याने पानं फाटत नाहीत आणि हिवाळ्यात वरचं छत थंडीही थोडी अडवतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता; तशा रात्री आपल्याकडे पुन्हा येणारच नाहीत असं समजू नका.

पेरू अर्ध्या उन्हात फळतो, पण फळ पाणचट लागतं आणि फळमाशी जास्त. आवळा, बोर, डाळिंब, अंजीर, कलमी आंबा यांना पूर्ण ऊन हवं. पपईची मुळं सावलीतल्या ओलीत कुजतात. रोपवाटिकेत कोणी "सगळीकडे येतं" म्हणालं तरी ही सहा झाडं सावलीसाठी घेऊ नका.

आणि जागेत टेंभुर्णी, चार (चारोळीचं झाड), बेल आधीपासून असतील तर ती तोडू नका. उन्हाळ्यात नागपूरच्या बाजारात टेंभरं आणि चारं विकायला येतात ती याच झाडांची. फळबाग आधीच उभी आहे, तिच्यात भर घालायची आहे, असं समजून चाला.

६. छत विरळ करा, उघडं नको

परवानगीचं पाहून झालं असेल तर डिसेंबर-जानेवारीत मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या दहा-बारा फुटांपर्यंत काढा. बुंधा उंच झाला की सकाळचं तिरपं ऊन आत शिरतं आणि वारा फिरतो. वरचा शेंडा राहू द्या. एका हिवाळ्यात पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नका. जड फांदी आधी खालून अर्धवट करवत मारून मग वरून कापायची, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलली जाते. घरटं दिसलं तर ती फांदी पुढच्या वर्षी.

मे महिन्याच्या तोंडावर छाटणी मुळीच नको. अचानक उघडी पडलेली रोपं दोन दिवसांत भाजतात.

७. कलमं घेताना आणि लावताना

संत्र्याची कलमं वरुड भागातल्या शेंदुरजनाघाटची प्रसिद्ध आहेत, तिथून किंवा जवळच्या शासनमान्य रोपवाटिकेतून घ्या, आणि पावती घ्या. कलमाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला आहे की रंगपूर लिंबूच्या, हे विचारा. ओलसर सावलीच्या जागेला रंगपूर बरा, तो मूळकुजीला जास्त टिकतो. जोड, म्हणजे डोळा भरलेली जागा, मातीपासून निदान वीतभर वर असावा. जोड खाली असलेलं कलम कितीही टवटवीत दिसलं तरी परत द्या. आमच्याकडे डिंक सुटलेली झाडं बहुतेक अशीच होती.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, दोन फूट लांब, रुंद, खोल. सब्बल, टिकास, फावडं, घमेलं एवढी हत्यारं पुरतात. आत आडवी आलेली मोठ्या झाडाची मुळं कुऱ्हाडीने साफ कापा. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि मूठ-दोन मूठ सुपर फॉस्फेट. सागाची पानं कच्ची घालू नका. ती लवकर कुजत नाहीत, एकावर एक बसून पाणी बाजूला सारतात. त्यांचा वेगळा ढीग करून, शेणकाला शिंपडून वर्षभर कुजवा, मग ते उत्तम खत होतं.

आणलेली रोपं लगेच लावू नका. पंधरा दिवस त्याच जागेत, त्याच उजेडात पिशवीत ठेवा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती वीतभर भिजली, की आर्द्रात लावा. लावताना जोड मातीच्या वर राहील आणि बुंध्याशी पाणी साचणार नाही एवढं पाहा. अंतर उघड्या बागेपेक्षा कमी करायचा मोह टाळा. संत्र्याला सहा मीटर, सीताफळाला पाच.

८. पहिला उन्हाळा

रोपं याच काळात सगळ्यांत जास्त मरतात. साग उघडा पडायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून तयारी सुरू करा.

प्रत्येक रोपावर चार काठ्यांचा छोटा मांडव करा. वर आणि पश्चिमेला तुऱ्हाटी, पऱ्हाटी (तुरीच्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या) किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पूर्व बाजू उघडी ठेवा. बुंध्यापासून चार बोटं अंतर सोडून कुटार किंवा तणसाचा वीतभर थर द्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. थर असला की भेगा पडत नाहीत. या थराखाली वाळवी, आमच्याकडे तिला उधळी म्हणतात, येते. म्हणून महिन्यातून एकदा थर उचलून पाहा आणि निंबोळी पेंड टाका.

पाणी थोडं थोडं रोज देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, सावकाश मुरेल असं. ठिबक असेल तर सोपंच. नसेल तर रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहा. आमच्याकडे वीज भरवशाची नव्हती, म्हणून दोन उन्हाळे मडक्यांवर काढले आणि एकही रोप गेलं नाही. मांडव मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर काढून टाका. तो पावसाळ्यात तसाच राहिला तर माझ्या पहिल्या वर्षासारखीच लांबुळकी रोपं होतील.

९. पावसाळ्यातली देखरेख

सावलीच्या बागेत रोग पावसाळ्यात लपून वाढतात. लिंबूवर्गीय झाडांच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. कोयत्याचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस झालं तर चुना कमी पडला आहे.

पानांवर काजळी दिसली की ती कोळशी. छत फार दाट झाल्याची ती खूण असते. फवारणीबरोबर पुढच्या हिवाळ्यात फांद्याही काढाव्या लागतात. सीताफळावर पिठ्या ढेकूण येतो, मुंग्या खोडावरून वर चढू लागल्या की समजा तो आलाय.

१०. जनावरं आणि आग

रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि वानरं, तिन्ही येतात. रोपाला पहिली तीन वर्षं जाळीचा पिंजरा हवाच. साळिंदर बुंध्याची साल कुरतडतं, म्हणून जाळी जमिनीत वीतभर गाडा. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, पूर्ण काढा. तिच्या जाळ्यांत रानडुकरं दिवसभर बसतात, आणि पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूची जागा असेल तर बिबट किंवा वाघही. अशा जागेत पहाटे आणि सांजेला एकट्याने वाकून काम करू नका. कुंपणात वीज सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा काळ. त्याआधी जागेच्या चारही बाजूंनी तीन मीटरचा पट्टा झाडून, खरवडून उघडा करा. यालाच जाळरेषा म्हणतात. झाडलेला पाचोळा जाळू नका, खड्ड्यात टाका, वर माती लोटा.

११. पहिली तोडणी

सीताफळाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडी फळं धरतात. सावलीत ती आठ-पंधरा दिवस उशिरा तयार होतात, त्यामुळे गावात तोडणी सुरू झाली म्हणून आपली तोडू नका. खवल्यांमधल्या रेषा रुंद होऊन पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या, म्हणजे डोळे उघडले, की दुसऱ्याच दिवशी सकाळी देठासह काढा. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर वानरं नेतात. तणसाच्या थरावर एकेरी मांडून ठेवा, वर गोणपाट टाका. तीन-चार दिवसांत मऊ होतात. रोज संध्याकाळी हात लावून पाहा आणि मऊ झालेली आधी वेगळी काढा.